खिशातले बेदाणे

आईच्या इरकली साडीच्या काठाला सात भोके आहेत. रफू करून आणतो म्हटले की ती म्हणते, राहू दे. मात्र ज्या संध्याकाळी ती भोके पडली त्या संध्याकाळी, एका हाताने सोप्यातला खांब धरून आणि दुसऱ्या हाताने निऱ्या सावरत, काठाला लोंबकळणाऱ्या दीड किलोच्या पिल्लाकडे पाहत आईने मला बजावले होते की हे जनावर आजच्या आज घराबाहेर गेले पाहिजे. पिल्लाला घरी येऊन तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते.

आषाढातल्या पावसात सांगलीच्या गणपती पेठेत, एका बंद दुकानाच्या फळीखाली ते पुतण्याला सापडले. आईचा पत्ता नव्हता, भावंडांपैकी कोणी उरले नव्हते, आणि पुतण्याने ते शर्टाच्या आत घालून गावभागातल्या आमच्या घरी आणले. जागच्या जागी गिरक्या घ्यायची म्हणून नाव भिंगरी पडले. पशुवैद्यक डॉक्टरबाईंनी तोंड उघडून दात पाहिले, वय पाच आठवड्यांच्या आसपास असेल म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या, "अजून निदान तीन आठवडे ही आईपाशी आणि भावंडांत राहायला हवी होती. आता ते तीन आठवडे तुमच्या वाट्याला आले." ते मला तेव्हा नुसते बोलण्याच्या ओघात आलेले वाक्य वाटले होते. पुढच्या सहा महिन्यांतली आमची निम्मी भांडणे त्या वाक्यातच होती, हे नंतर उमगले.

पिल्लाला हात नसतात, त्यामुळे जग चाचपायचे ते तोंडानेच. दुधाचे दात अठ्ठावीस असतात आणि ते सुईसारखे टोकदार असतात. भावंडांच्या झटापटीत एकाचा दात दुसऱ्याला जोरात लागला की दुसरे केकाटते आणि खेळ सोडून बाजूला होते. आई उठून निघून जाते. असे दिवसातून कित्येक वेळा झाले की जबडा किती दाबायचा याचे माप पिल्लाला आपोआप कळते. भिंगरीला ते माप देणारे कोणी उरले नव्हते. ती चावरी नव्हती, रागीट तर मुळीच नव्हती. आपला दात लागतो ही बातमीच तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

इथे एक गोष्ट मध्येच सांगितली पाहिजे, कारण तिच्याबाबत आमच्याकडून चालढकल होता होता राहिली. चौथ्या दिवशी पुतण्याच्या अंगठ्यातून रक्त आले. पिल्लू एवढेसे, त्याला कसला रोग असणार, असे शेजारचे म्हणत होते आणि हळद दाबायला निघाले होते. सांगलीत हळदीला तोटा नाही, पण रेबीजवर हळद चालत नाही. रस्त्यावरच्या पिल्लाच्या आईला लस मिळाली होती की नाही हे कोणालाच ठाऊक नसते, आणि पिल्लाला स्वतःला ही लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. डॉक्टरबाईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळ पाहून पंधरा मिनिटे धुतली, आणि तडक सरकारी रुग्णालय गाठले. रक्त आले म्हणून जखमेभोवती प्रतिपिंडांचे इंजेक्शन दिले, आणि दंडाच्या त्वचेत लस सुरू झाली: पहिला दिवस शून्य धरून मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. पिल्लाच्या खेळकरपणाचा या हिशेबाशी काही संबंध नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल, म्हणून लाडक्या पिल्लाचा दातसुद्धा रक्त काढून गेला तर हीच वाट धरायची.

मी मार्केट यार्डातल्या एका बेदाण्याच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. कीर्द-खतावणीत माझे आयुष्य गेले, त्यामुळे एकाच खात्यावर चार जण चार हातांनी नोंदी करू लागले की काय गोंधळ होतो ते मला इतरांपेक्षा लवकर दिसायला हवे होते. दिसले नाही. भिंगरी चावली की आई साडी ओढून घेत ओरडायची. ओढलेली साडी म्हणजे भिंगरीला रस्सीखेच, आणि ओरडणे म्हणजे सोबतीचा गलका. पुतण्या बोटे तिच्या नाकासमोर नाचवायचा आणि चावली की खदखदा हसायचा. पत्नी नाकावर टिचकी मारायची, त्यामुळे भिंगरी तिचा हात येताना दिसला की आधीच तोंड उघडून तयार राहू लागली. आणि मी, घरातला वाचणारा माणूस म्हणून, सगळ्यांत वाईट वागलो.

मी कुठेतरी वाचले होते की कुत्रा हा लांडग्याचा वंशज, कळपात एक म्होरक्या असतो, आणि पिल्लाला उताणे दाबून धरले की म्होरक्या कोण ते त्याला कळते. मी दोनदा तसे केले. दुसऱ्या वेळी तिने धडपड थांबवली, डोळे फिरवून पांढरे केले आणि तिथेच थोडे मुतली. मला वाटले, समजले तिला. पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. ती म्हणाली, "अहो, ते कोकराएवढे पोर, आणि तुम्ही त्याचे राजे होणार?"

नंतर मी या म्होरक्याच्या कथेचे मूळ शोधत गेलो. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहून १९४७ साली लिहिलेल्या निबंधापर्यंत हा धागा जातो. ते लांडगे एका आवारात कोंडलेले होते, आणि तिथे वर्चस्वासाठी मारामाऱ्या होत. डेव्हिड मेक या अमेरिकी संशोधकाच्या १९७० सालच्या ग्रंथामुळे ही कल्पना घराघरांत पोचली, आणि त्याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिल्यावर १९९९ साली लिहिले की तिथला कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरे, म्हणजे साधे कुटुंब असते. आपल्याच जुन्या ग्रंथाची छपाई थांबवावी म्हणून ते पुढे प्रकाशकाच्या मागे लागले. स्वतःच्या खतावणीतली चूक लाल शाईने दुरुस्त करणारा माणूस मला नेहमीच आवडतो. चुकीची नोंद मात्र तोवर जगभर उतरली होती, आणि त्यातली एक माझ्या सोप्यात येऊन उताणी पडली होती.

त्या रात्री मी सगळ्यांना जेवायच्या वेळी एकत्र बसवले आणि एकच नियम ठरवला. दात कातडीला लागला की कोणी ओरडायचे नाही, हात झटकायचा नाही, साडी ओढायची नाही. "ओय" एवढे म्हणायचे, आणि उठून माजघराच्या दारात लावलेल्या फळीपलीकडे जायचे. मनात तीस आकडे मोजायचे आणि परत यायचे. आल्यावर तिच्या तोंडासमोर आपला हात न्यायचा नाही, आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्यांची वळून गाठी मारलेली दोरी न्यायची. पहिल्या दिवशी फळी ओलांडून ओलांडून माझे गुडघे दुखले. दहा-बारा दिवसांनी तिचा जबडा सैल झाल्याचे जाणवू लागले. ती हात तोंडात घेई, पण ठेवून पाहिल्यासारखा, आणि माझ्याकडे बघे. महिन्याभराने हात घेणेही कमी झाले. आईची साडी मात्र तिने त्याआधीच सोडून दिली होती, कारण आई ओढेनाशी झाल्यावर त्या साडीत खेळण्यासारखे काही उरले नव्हते.

संध्याकाळची सात ते आठ ही वेळ मात्र कशानेच सुधारेना. त्या तासात भिंगरी अंगात आल्यासारखी सोप्यातून परसात आणि परसातून सोप्यात धावे, दिसेल त्या टाचेला दात लावी. पुतण्या तिला दमवायला म्हणून आणखी पळवत असे. मी तिच्या झोपेची नोंद ठेवू लागलो तेव्हा लक्षात आले की या वयाच्या पिल्लाला दिवसाची अठरा-वीस तास झोप लागते, आणि आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे तिची दुपार जागरणात जात होती. ती मस्तीला आलेली नव्हती, पेंगुळलेली होती. लग्नघरात रात्री दहा वाजता रडारड करणारे लहान मूल आणि ती यांत काहीच फरक नव्हता. दुपारी चार ते सहा तिला मागच्या अंधाऱ्या खोलीत गोणपाटावर झोपवायला लागल्यापासून तो तास शांत झाला. तिच्या वर्तनाचा प्रश्न म्हणून ज्याच्यावर आम्ही आठवडाभर चर्चा केली तो नुसता झोपेचा प्रश्न होता. असे आणखी किती प्रश्न असतील याचा मी तेव्हापासून विचार करतो.

नोंदवहीचे म्हणाल तर ती आधीच सुरू झाली होती, मुतण्यापायी. घरात शहाबादी फरशी, आणि भिंगरीने जागा निवडली ती देवघराच्या उंबऱ्याची. आईच्या सोवळ्याओवळ्याचा तो पुढचा सहा महिने विषय होऊन बसला. शेजारच्या काकांनी उपाय सांगितला की तिचे नाक त्यात घासायचे, म्हणजे जन्मात विसरणार नाही. आमच्याकडून ते एकदा झाले, आणि ती खरोखर विसरली नाही. त्यानंतर ती धान्याच्या कोठीमागे, ट्रंकेच्या आडोशाला, आमची नजर चुकवून मुतू लागली. मी परसात घेऊन उभा राहिलो की माझ्यासमोर काही करीना. घरात आल्यावर कोपरा गाठी. आम्हाला शिकवायचे होते की इथे करू नको. ती शिकली होती की या माणसांच्या देखत करू नको. तिच्या बाजूने पाहिले तर तिचा निष्कर्ष चुकला नव्हता, आमची शिकवण चुकली होती.

मग मी रोजमेळाची एक जुनी वही काढली. डावीकडे जमा, म्हणजे खाणे, पाणी आणि झोप, उजवीकडे खर्च. वेळ मिनिटासह. चार दिवसांत ताळा जमू लागला. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, आणि खेळता खेळता एकदम थांबून फरशी हुंगत गोल फिरू लागली की. पिल्लाचे महिने मोजून त्यात एक मिळवला तर साधारण तितके तास ते कळ काढू शकते असा एक ठोकताळा आहे, पण तो कमाल मर्यादेचा, आणि दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास धरायला लावणे म्हणजे कर्जदाराला शेवटच्या तारखेपर्यंत ताणण्यासारखे आहे. आम्ही तासा-दीड तासाला तिला परसातल्या पेरूच्या झाडाखाली नेऊ लागलो, झाले की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ. घरात येऊन दिलेला खाऊ तिला घरात येण्याबद्दल मिळाला असे वाटते, मुतण्याबद्दल नव्हे; दोन-तीन सेकंदांपलीकडे ती सांगड तिच्या डोक्यात लागत नाही. देवघराच्या उंबऱ्यावर फिनेल ओतणे बंद केले, कारण फिनेलने माणसाच्या नाकाला वास झाकल्यासारखा वाटला तरी तिच्या नाकाला खालची जुनी नोंद वाचता येतच राहते. पशुखाद्याच्या दुकानात मिळणाऱ्या विकरयुक्त, म्हणजे एन्झाइम असलेल्या, द्रावणाने ती जागा तीनदा धुतली. कोठीमागची सवय जायला दीड महिना लागला. नाक एकदाच घासले होते.

चावण्या-कुरतडण्याविषयी फार लिहीत नाही, कारण तो भाग वेळेवर येतो आणि वेळेवर जातो. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडतात, सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतात, आणि मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात. पुढचा एक दात मला सोप्यात झाडताना सापडला. तांदळाच्या कणीएवढा, मुळाशी किंचित गुलाबी. मी तो कागदाच्या पुडीत बांधून ठेवला आहे. आमची चूक एवढीच की माझी जुनी कोल्हापुरी चप्पल आम्ही तिला चघळायला दिली, आणि मग पुतण्याची नवी कोल्हापुरी तिने फाडली तेव्हा तिला रागावलो. जुने कातडे आणि नवे कातडे यांतला फरक सतराशे रुपयांचा आहे, हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. गार केलेले गाजर दिले, चपला फळीवर ठेवल्या, आणि तो विषय मिटला.

बेदाण्यांचा विषय असा मिटण्यासारखा नव्हता.

आमच्या धंद्यात खिशात बेदाणे असतातच. सौद्याला आलेल्या मालाची मूठ उचलायची, रंग, आकार आणि चिकटपणा पाहायचा, दोन तोंडात टाकायचे आणि उरलेले शर्टाच्या खिशात जातात. संध्याकाळी मी घरी येईपर्यंत खिशात दहा-वीस दाणे हमखास असत. भिंगरीला "बस" आणि "ये" शिकवायचे ठरले तेव्हा खाऊ म्हणून काय द्यायचे हा प्रश्नच मला पडला नाही. खाऊ लहान हवा, चटकन गिळता यावा, तिला आवडावा, आणि लगेच हाताशी असावा; बेदाण्याइतके या सगळ्यांत बसणारे दुसरे काय आहे? पहिल्या संध्याकाळी ती चार दाण्यांत बसायला शिकली. मला माझे फार कौतुक वाटले. दुसऱ्या संध्याकाळी आणखी सहा-सात. तिसऱ्या दिवशी लसीच्या पुढच्या मात्रेसाठी दवाखान्यात गेलो असताना मी डॉक्टरबाईंसमोर ऐटीत खिशात हात घातला, "भिंगरी, बस" म्हणालो, ती बसली, आणि दाणा तिच्या जिभेपर्यंत पोचण्याआधी डॉक्टरबाईंनी माझे मनगट धरले.

द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याचे मूत्रपिंड बंद पाडू शकतात. प्रत्येक कुत्र्याला बाधते असे नाही, आणि किती दाण्यांनी बाधेल याचे माप बांधता येत नाही, हीच त्यातली खरी धोक्याची बाजू आहे. एखादा मोठा कुत्रा मूठभर खाऊन धडधाकट राहतो आणि एखाद्याचे थोडक्यावर बिघडते. आधी उलट्या, मग मरगळ आणि अन्नावर वासना नाही, एक-दोन दिवसांत लघवी कमी होत जाते आणि मग बंद होते. बेदाणा अधिक वाईट, कारण चार किलो द्राक्षे वाळली की एक किलोच्या आसपास बेदाणा होतो, हे तर मी रोज वजनकाट्यावर पाहतो. पाणी उडते आणि बाकीचे सगळे त्या एका किलोत राहते. त्यातले नेमके काय बाधते हे कित्येक वर्षे कोडे होते. २०२१ साली अमेरिकेतल्या काही पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले, आणि त्यांना तो संशय आला तो स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या एका पदार्थातले हेच आम्ल पोटात जाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे तशीच बिघडलेली दिसली म्हणून. चिंचेतही हे आम्ल भरपूर असते. मी भिंगरीला हरिपूरच्या रस्त्याने फिरायला नेत असे, आणि त्या रस्त्यावर चिंचांचीच झाडे आहेत. एका बाजूला खिसा आणि दुसऱ्या बाजूला रस्ता, दोन्हीकडे माझ्या भरवशाच्या वस्तू होत्या.

आदल्या संध्याकाळचे दाणे पोटातून पुढे गेलेले असल्याने उलटी करवून आता फायदा नव्हता. खाल्ल्यापासून दोन तासांच्या आत आले असते तर डॉक्टरांनी ती करवली असती. घरी मीठ पाजून उलटी करवायची नाही, हेही त्यांनी तेव्हाच बजावले, कारण मीठ स्वतःच अंगावर येते. रक्त काढले, मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारे क्रिएटिनिन पाहिले, पायाला सलाइन लावले आणि दोन दिवसांनी पुन्हा रक्त काढले. मधली एक रात्र मी परसात पेरूखाली टॉर्च घेऊन बसलो होतो, ती मुतते की नाही आणि किती मुतते ते पाहायला. ज्या नोंदीसाठी दोन महिने तिच्यावर चिडलो तीच नोंद त्या रात्री वहीत लिहिताना माझा हात थरथरत होता. आकडे ठीक आले. आता यार्डातून निघताना मी खिसा उलटा करून झटकतो, आणि तिच्यासाठी उकडलेल्या अंड्याचे आणि भाजलेल्या शेंगदाण्याएवढ्या पनीरचे तुकडे डबीत असतात. कांदा, लसूण आणि चॉकलेटही बेदाण्यासोबत तिला न द्यायच्या यादीत जाऊन बसले. आईच्या फोडणीतली भाजी तिच्या ताटातून कायमची गेली.

गणपतीत ढोल सुरू झाले तेव्हा ती साडेतीन महिन्यांची होती. संस्थानच्या गणपतीचे विसर्जन पाचव्या दिवशी असते आणि मिरवणुकीचा आवाज गावभागात घरात बसल्या ऐकू येतो. आपल्याला ऐकू न येणारे उंच पट्टीचे आवाजही तिला ऐकू येतात, कारण माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपर्यंतच्या कंपनांशी थांबतो आणि कुत्र्याचा पंचेचाळीस हजारांच्या आसपास जातो. ती ट्रंकेमागे शिरून थरथरत बसली. तिला जवळ घेतले तर भित्री होईल असे मला चार जणांनी सांगितले. त्यात तथ्य नाही. भीती ही काही ती मिळवायला करत असलेली गोष्ट नाही, की बक्षीस दिल्याने वाढावी. पत्नी जमिनीवर तिच्याशेजारी जाऊन बसली आणि वाटाणे सोलत राहिली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही फोनवर ढोलाचे ध्वनिमुद्रण अगदी बारीक आवाजात, ऐकू येईल न येईल असे लावायचो आणि त्याच वेळी तिला जेवण वाढायचो. तिचा कान हलला तरी जेवण थांबले नाही, तर दोन दिवसांनी आवाज एक रेघ वाढवायचा; जेवण थांबले तर दोन रेघा मागे. दिवाळीपर्यंत सात आठवडे मिळाले. फटाके तिला आजही आवडत नाहीत. पण ती आता ट्रंकेमागे जात नाही, उठून पत्नीशेजारी जाऊन बसते.

या सगळ्यातून पार पडल्यावर एक प्रकार शिल्लक राहिला होता, तो जेवणाच्या वेळच्या भुंकण्याचा. आम्ही पाटावर बसलो की भिंगरी समोर उभी राहून भुंकायची. मी नियम केला की कोणी तिच्याकडे पाहायचे नाही, द्यायचे तर मुळीच नाही. सगळ्यांनी मान डोलावली. पहिल्या चार दिवसांत भुंकणे वाढले, आणि ते वाढणारच होते; ज्या कोनाड्यात रोज किल्ली सापडते तिथे ती एके दिवशी नसली तर आपणही आधी तिथेच दहादा हात घालतो. पण आठवडा झाला, दोन झाले, तरी ते कमी होईना, आणि त्याची जात बदलली. ती आता पंधरा-पंधरा मिनिटे न दमता भुंकू शकत होती. हे नियमाने चाललेल्या घराचे लक्षण नव्हते. दर वेळी मिळणारा तुकडा बंद झाला तर कुत्रा काही दिवसांत नाद सोडतो, पण कधी मिळतो आणि कधी मिळत नाही असा तुकडा त्याला अतिशय चिवट बनवतो, बी. एफ. स्किनर यांनी कबुतरे आणि उंदीर यांच्यावर हे प्रयोगांनी दाखवून दिले आहे, आणि लॉटरीचे तिकीट घेणाऱ्या आमच्या हमालाला ते प्रयोगांवाचून ठाऊक आहे. म्हणजे घरातले कोणीतरी लॉटरी चालवत होते.

मी रोजमेळाची वही चाळली. जेवणाच्या वेळच्या नोंदी कोऱ्या होत्या. जेवताना मी त्या रात्री मुद्दाम म्हणालो की या खात्यात काहीतरी रक्कम लपलेली आहे, ताळा जमत नाही. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही उघडली तर उजव्या बाजूला, मोडीचे वळण अजून न गेलेल्या आईच्या अक्षरात चार ओळी होत्या. सोमवार, भाकरीचा तुकडा एक. बुधवार, दोन. गुरुवार, फार ओरडली म्हणून एक. शनिवार, काही नाही, पण दूधभात.

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. भरल्या ताटावरून कोणाला उपाशी उठवायचे नाही या शिस्तीत तिने उभे आयुष्य काढले आहे, आणि माझ्या नियमाने तिच्याकडून तेच करवले जात होते. नियम तिच्याकडून पाळला जाणार नव्हता, तेव्हा नियमच बदलला. आता आईच्या ताटाशेजारी एक छोटी वाटी असते. तिच्यात आई आपल्या हाताने भाकरीचा तुकडा कुस्करून ठेवते, बिनफोडणीची, बिनमिठाची. सोप्याच्या कोपऱ्यातल्या गोणपाटावर भिंगरी आडवी राहिली तर जेवण झाल्यावर आई उठून वाटी तिथे नेऊन ठेवते. भुंकली किंवा उठून आली तर वाटी जागची हलत नाही. गोणपाटावर टिकायला आम्ही आधी दोन मिनिटे, मग पाच, मग अर्धे जेवण असे करत तिला शिकवले, आणि त्यात तीन आठवडे गेले.

काल पिठले होते. आईचा हात वाटीकडे गेला तशी भिंगरी गोणपाटावरून अर्धी उठली. आईने हात मागे घेतला आणि आपला घास घेतला, तिच्याकडे न पाहता. भिंगरी थोडा वेळ तशीच अर्धवट उभी राहिली, मग तिने एक लांब श्वास सोडला आणि हनुवटी पुन्हा गोणपाटावर टेकली.

"बघितलंस?" आई पुतण्याला म्हणाली. "तिला कळतंय. तुझा काका उगाच वही लिहितो."

वहीतली कालची नोंद आईनेच केली आहे.